सातशे पाचवी फेरी

"प्रोसेसर तीनशे तेहतीसचा हाय अन् मेमरी तुमी चारशेची मागता. कशाले, मॅडम?"

विलास ढोरे यांनी माझी यादी काउंटरवर पालथी ठेवली. फेब्रुवारी २००४. अमरावतीतील त्यांच्या दुकानात सुटे भाग जोडून संगणक तयार होत असत, आणि आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागासाठी एक संगणक जोडून घ्यायला मी आले होते. मी एकोणतीस वर्षांची होते, पीएच.डी.चे चौथे वर्ष चालू होते आणि यादी मी स्वतः, तीन नियतकालिके वाचून, तयार केली होती.

"जास्त वेगाची आहे म्हणून."

"वेगाची हाय, पण पळन कोनासंगं? प्रोसेसर ज्या चालीनं मागन, त्याच चालीनं मेमरी देईन. चारशेची घेतली तरी तीनशे तेहतीसनंच चालन. दोघंबी एका चालीचे घ्या अन् मोकळे व्हा."

ढोरे बरोबर सांगत होते. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यात आकड्यांची जी देवाणघेवाण चालते तिचा एक वेग ठरलेला असतो, आणि दोघांपैकी मंद असेल त्याचा वेग शेवटी दोघांचा होतो. परंतु दुसरा एक मार्ग आहे हे मी वाचले होते.

"प्रोसेसरलाच चारशेवर नेता येईल. सेटिंग आहे तसे."

"हाय ना." ते हसले. "चालते बी. आता थंडी हाय, आता तं झ्याक चालन."

"मग अडचण काय?"

"मे महिना हाय, मॅडम. अमरावतीचा."

"बंद पडेल?"

"बंद पडलं तं बरंच म्हना. बंद पडलेलं दिसते." त्यांनी यादी पुन्हा सुलटी केली. "मी तीनशे तेहतीसवर लावून देतो. पुढचं तुमचं तुमी पाहा. माह्या हातानं नाई करनार."

पुढचे मी पाहिले. संगणक विभागात आला त्याच संध्याकाळी मी सेटिंग उघडून प्रोसेसर चारशेवर नेला. नमुन्याचे एक गणित दोन तास चालवले; एकही चूक आढळली नाही. माझ्या एका पूर्ण गणिताला तीनशे तेहतीसवर एकोणपन्नास तास लागले असते. आता एक्केचाळीस लागणार होते. आठ तास वाचवल्याचे समाधान मला झाले. त्या आठ तासांत मी काय करणार होते, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

गणित होते माझे मार्गदर्शक डॉ. प्रभाकर उमाळकर यांच्या विहिरीचे.

ती विहीर म्हणजे विभागाच्या मागील अंगणातील नव्वद मीटर खोल, सहा इंची बोअर. सर मात्र तिला विहीरच म्हणत. चंद्र समुद्राला ओढतो तसा खडकालाही किंचित ओढतो; खडक दबतो, सैलावतो, आणि खडकात बंदिस्त असलेले पाणी काही मिलिमीटर वरखाली होते. इतरत्र हे दिसलेले होते. आपल्या काळ्या पाषाणात, आपल्या विहिरीतही हा ठोका आहे, असे सरांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी १९८२ पासून बावीस वर्षे ते पाण्याच्या पातळीची तासातासाची नोंद ठेवत आले होते. बोअरवर एक नोंदयंत्र बसवलेले होते. रोज सकाळी सात वाजता सर त्याचा कागद तपासत आणि आकडे वहीत उतरवत.

माझे काम विश्वास ठेवण्याचे नव्हते. नोंदीत ठोका दिसत होता. तो निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव किती, एवढे मला काढायचे होते. त्यासाठी बावीस वर्षांच्या नोंदीचे तुकडे करायचे, त्यांचा क्रम विस्कटायचा आणि पुन्हा जोडायचे. चंद्राशी संबंध तुटलेली अशी खोटी बावीस वर्षे. त्यांतही खऱ्याइतका मोठा ठोका निघाला, तर ती फेरी योगायोगाच्या बाजूने मोजायची. अशा दहा हजार फेऱ्या. योगायोगाच्या बाजूला पाचशेपेक्षा कमी पडल्या, तर ठोका खरा मानायचा. ही मर्यादा सरांनीच पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, एकही नोंद करण्यापूर्वी, लिहून ठेवली होती.

त्या वर्षी निकालाला मुदतही होती. मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत मागील अंगणात उभी राहणार होती. ३१ मे रोजी, सोमवारी, बांधकाम समितीची बैठक होती. नोंदींतून काही सिद्ध होत असेल तर विहीर ठेवू, नसेल तर बुजवू, असे समितीने लेखी कळवले होते. सर जुलैअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती, मुले नव्हती. विहीर राहिली तर निवृत्तीनंतरही रोज सकाळी सात वाजता जायला त्यांना एक जागा राहणार होती. हे त्यांनी कधी म्हटले नाही. म्हणण्याची गरज नव्हती.

मी त्यांच्यासमोर चार वर्षे बसत होते. दुपारी एक वाजता आम्ही एकाच टेबलावर दोन डबे उघडत असू. ते "गावंडे, मीठ आहे का?" असे विचारत आणि मी मीठ देत असे. संभाषण बहुधा एवढेच.

मे महिन्यात महाविद्यालय रिकामे झाले. १० मे, सोमवारी, सकाळी अकरा वाजता मी दहा हजार फेऱ्या सुरू केल्या. त्या दिवशी बाहेर पंचेचाळीस अंश होते. बुधवारी सकाळी आम्ही खोली उघडली तेव्हा काम संपलेले होते. पडद्यावर शेवटच्या ओळीत एक आकडा होता: त्रेचाळीस.

"किती पैकी?" सरांनी विचारले. त्यांना ठाऊक होते.

"दहा हजार."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, मग उचलून पुन्हा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"पाचशे चालले असते," ते म्हणाले.

"हो."

"त्रेचाळीस." ते उठले. "चल अलका, चहा घेऊ."

चार वर्षांत त्यांनी माझे पहिले नाव उच्चारल्याचे मला आठवत नव्हते. त्या दिवसापासून मी अलका झाले आणि 'तुम्ही'ची 'तू' झाले. सर बोलू लागले. हा मनुष्य इतके बोलू शकतो याची मला कल्पना नव्हती. १९८९ मध्ये एका परिषदेत हैदराबादच्या डॉ. सत्यनारायणांनी भर सभेत म्हटले होते, की उमाळकरांच्या विहिरीत चंद्र नाही, उमाळकरच आहेत. त्यावर सगळे सभागृह हसले होते. सर हे सांगताना स्वतःही हसले. "वाक्य चांगलं होतं ग. माझं असतं तर मीही म्हटलं असतं."

मी भाड्याच्या खोलीवर राहत होते. रोज सकाळी उठल्यावर मला कोणाला तरी काही तरी ऐकवायचे असे, आणि दुपारी एक वाजता ते मी ऐकवत असे. डबा संपायला आता पाऊण तास लागे.

२८ मे, शुक्रवार. समितीला दाखवण्यासाठी एक आलेख हवा होता, म्हणून दुपारी मी निकालाची पूर्ण फाइल प्रथमच उघडली. तोवर मी तिची शेवटची ओळ तेवढी वाचली होती. फाइलमध्ये प्रत्येक फेरीसमोर तिच्यात निघालेल्या ठोक्याची उंची होती. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. सातशे चारपर्यंत आकडे होते. सातशे पाचव्या फेरीसमोर आकड्याच्या जागी 'संख्या नाही' अशा अर्थाची खूण होती. सातशे सहाव्यासमोर तीच. मी खाली सरकत गेले. नऊ हजार दोनशे शहाण्णव वेळा तीच खूण होती.

काय घडले ते समजायला दहा मिनिटे पुरली. सर्व फेऱ्या एकच तक्ता वापरत होत्या. सातशे चारनंतर त्या तक्त्यातील एक आकडा मेमरीत बिघडला, आणि पुढची प्रत्येक फेरी त्या आकड्याला शिवून स्वतः बिघडली. गणित थांबले नाही. प्रत्येक फेरीअखेर प्रोग्रॅम विचारत होता: हा ठोका खऱ्याइतका मोठा आहे का? जी संख्याच नाही ती कशाहूनही मोठी असू शकत नाही, म्हणून उत्तर दर वेळी 'नाही' असे येत राहिले. योगायोगाच्या बाजूच्या सगळ्या त्रेचाळीस फेऱ्या पहिल्या सातशे चारांतल्या होत्या. वेळेचा हिशोब केला तर बिघाड सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराचा निघत होता.

मी ढोऱ्यांना फोन लावला.

"खोलीत किती टेंपरेचर राहते, मॅडम?"

"दुपारी अडतीस."

"अन् प्रोसेसर चारशेवर?"

"हो."

"मंग मले काऊन विचारता?" मग त्यांनीच विचारले, "लय नुकसान झालं का?"

"अजून कळायचे आहे," मी म्हणाले.

मी सेटिंग उघडून प्रोसेसर पुन्हा तीनशे तेहतीसवर आणला. तीन वाजता दहा हजार फेऱ्या नव्याने सुरू केल्या. निकाल रविवारी दुपारी चारला येणार होता. खात्री झाल्याखेरीज कोणाला काही सांगू नये, हा प्रयोगशाळेचा साधा नियम आहे, असे मी स्वतःला सांगितले. वाक्य निर्दोष होते.

शनिवारी सकाळी सर एक पत्र घेऊन आले. हैदराबादला, डॉ. सत्यनारायणांना. हाताने लिहिलेले दीड पान. सूर सभ्य होता. शेवटी फक्त एवढे, की चंद्रासाठी विहिरीत जागा करून देण्याकरिता उमाळकर आता बाहेर आले आहेत.

"हे वाक्य ठेवू की काढू?"

"ठेवा," मी म्हणाले.

"जास्त होत नाही ना? पंधरा वर्षं थांबलोय मी हे लिहायला."

"नाही होत."

"आणि आकडे एकदा बघून घे. त्यांच्यासारख्या माणसापुढं चूक जायला नको."

कागद माझ्या हातात होता. दहा हजारांपैकी त्रेचाळीस. मागे टेबलावर संगणकाचा पंखा चालू होता.

"आकडे निकालात आहेत तसेच आहेत," मी म्हणाले.

"बस्स." त्यांनी पत्र पाकिटात घातले. "हे काय चालवलंयस मागं?"

"पडताळणी."

"शाबास. पोस्टात टाकून येतो, साडेदहाला पेटी उघडतात. आणि ऐक, उद्या माझ्याकडं जेवायला ये. पातोड्यांचा रस्सा करणार आहे. करता येतो मला."

"येते, सर."

रविवारी मी गेले. रस्सा तिखट होता आणि पातोड्या थोड्या फुटल्या होत्या. "ती करायची तेव्हा फुटायच्या नाहीत," ते म्हणाले, आणि आतून १९९१ची वही घेऊन आले. त्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला होता. तेवीस दिवसांच्या नोंदी वेगळ्या, गोल अक्षरात होत्या.

"रोज सातला जायची. तिला यातलं काही पटत नव्हतं बरं का. म्हणायची, पाणी आहे, हलणारच. पण एक तास चुकवला नाही तिनं. हे बघ, इथं सांडलंय काहीतरी. चहा असेल."

मी पाहिले. चहाच होता.

"त्रेचाळीसमध्ये तिचे तेवीस दिवसही आहेत," सर म्हणाले.

मी आणखी भात वाढून घेतला. भूक नव्हती. साडेतीन वाजता उठले आणि चार वाजता विभागात पोचले. काम संपलेले होते. दहा हजार फेऱ्यांपैकी सहाशे आठ. फाइल या वेळी मी पहिल्या ओळीपासून वाचली. प्रत्येक ओळीत संख्या होती.

सोमवारी सकाळी सात वाजता सर विहिरीपाशी वाकून कागद तपासत होते. मी सरळ सांगितले. तक्ता, सातशे पाचवी फेरी, सहाशे आठ. प्रोसेसर चारशेवर नेला होता तो मी, आणि दुकानदाराने नको म्हटले होते, हेही सांगितले. ते वाकलेलेच राहिले आणि आकडा वहीत उतरवून मग ताठ झाले.

"दोन निकाल आहेत. दुसराच बरोबर कशावरून?"

"त्यात एकही फेरी बिघडलेली नाही. आणि विस्कटण्याचा क्रम मी तोच ठेवला होता; पहिल्या सातशे चार फेऱ्या दोन्हींत आकडा न् आकडा सारख्या आहेत."

"म्हणजे फरक फक्त नंतरचा."

"हो."

"सहाशे आठ." त्यांनी पेनचे टोपण लावले. "एकशे आठनं गेलं."

"नोंदी वाढल्या तर कदाचित पुढं—"

"मर्यादा मीच लिहिली आहे." मग त्यांनी विचारले, "हे कोणाला माहीत आहे?"

"मला. थोडेफार ढोऱ्यांना."

ते वही काखेत धरून आत गेले. अकरा वाजेपर्यंत ते काय करतील हे मला खरोखर माहीत नव्हते. त्रेचाळीसचा छापील कागद त्यांच्या खणात होता आणि समितीत तो तपासू शकेल असा एकही माणूस नव्हता.

समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब वानखडे मनमोकळे गृहस्थ होते. "या उमाळकर सर! काय म्हणते तुमची विहीर? येतो का चंद्र पाणी प्यायला?" सगळे हसले. इंजिनिअरने टेबलावर दोन नकाशे पसरले होते: एकात बोअरभोवती कठडा होता, दुसऱ्यात तिथे पाण्याची टाकी.

"तुम्ही फक्त हो म्हणा," अण्णासाहेब म्हणाले. "आपण इमारत दहा फूट सरकवू. बावीस वर्षं केलंय माणसानं, उगीच कशाला बुजवायचं? काय इंजिनिअरसाहेब?"

"सरकते, साहेब."

सर उभे राहिले. बसून बोलले तरी चालले असते. "पुरेसा पुरावा मिळालेला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे चंद्र नाही?"

"आहे की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही."

"मग?" अण्णासाहेबांना खरोखर वाईट वाटलेले दिसले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी माझ्या वहीकडे पाहत होते. इंजिनिअरने कठड्याचा नकाशा गुंडाळून रबर लावले. पुढचा विषय पायखान्यांच्या फरशीचा होता.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्यापुढे चालत होते. विभागाच्या दाराशी ते थांबले.

"चूक तुम्हाला कधी कळली, गावंडे?"

"शुक्रवारी. दुपारी."

"पत्र शनिवारी गेलं."

"हो."

"तुम्ही वाचलं होतंत ते."

"हो, सर."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिले. तोंडी गणित करताना ते असेच पाहत असत. "सातशे चारात त्रेचाळीस. म्हणजे शंभरात सहा पूर्णांक एक. दहा हजारांत सहाशे दहाच्या आसपास."

"हो."

"हे शुक्रवारीच दिसत होतं. कागदावर, दोन मिनिटांत."

"हो."

"मग एकोणपन्नास तास कशासाठी चालवलं?"

भागाकार मी शुक्रवारी फाइल बंद करण्यापूर्वीच केला होता. एकोणपन्नास तासांनंतर काय येणार हे मला माहीत होते. सहाशे दहा म्हटले होते, सहाशे आठ आले. मला संशय नव्हता आणि खात्रीची गरजही नव्हती. शनिवारी कोणी तरी मला वाक्य ठेवू की काढू असे विचारणार होते. रविवारी कोणी तरी माझ्यासाठी स्वयंपाक करणार होते. तसे त्यापूर्वी चार वर्षांत घडले नव्हते. त्यासाठी मी एका माणसाला हैदराबादला पत्र टाकू दिले.

"खात्रीसाठी," मी म्हणाले.

सरांनी आत जाऊन खणातून एक आंतरदेशीय पत्र काढले आणि चार ओळी लिहिल्या. या वेळी आकडे तपासायला त्यांनी मला दिले नाहीत. एक वाजता ते डबा घेऊन घरी गेले, आणि जुलैअखेरपर्यंत रोज घरी जात राहिले. विहीर २२ जूनला बुजवली. माझा प्रबंध सहाशे आठ या आकड्यासह मान्य झाला. परीक्षकांनी पद्धतीच्या काटेकोरपणाचा खास उल्लेख केला.

आता मी एका संस्थेत गणनविभागाची प्रमुख आहे. आमच्याकडील यंत्रे मेमरीतील चूक स्वतः ओळखतात आणि दुरुस्तही करतात. दुपारी मी माझ्या केबिनमध्ये जेवते; बारा मिनिटे लागतात. सर भोपाळला पुतण्याकडे गेले आणि तिथे नऊ वर्षे होते. पत्ता माझ्याजवळ होता. त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर एका ओळीचे होते, आणि ते मी पुष्कळदा लिहून पाहिले. पण त्यांनी तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही, आणि न विचारता सांगण्याइतके आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या मे महिन्यातले एकोणीस दिवस सोडले तर.